नेहमीची वाट : दिशांचें भान आणि स्वमग्न मूल

बिलोलीच्या बाजारांत परगांवच्या मनुष्यानें एखाद्याचें घर विचारलें म्हणजे जुन्या पिढीचा गृहस्थ त्यास 'उजवीकडे वळा, मग डावीकडे' असें सहसा सांगत नाहीं. 'मारुतीच्या उगवतीला जा, विहिरीच्या मावळतीला तिसरें दार' असें तो सांगतो, आणि सांगतांना सूर्य कोठें आहे हें त्यास वर पाहावें लागत नाहीं. हें ज्ञान त्याला शाळेंत कोणी दिलेलें नसतें. जेवावयास कोणत्या तोंडानें बसावें, उशी कोणत्या दिशेस नसावी, देव्हारा कोठें असावा, औत कोणत्या बांधाकडून वळवावें, या सर्वांतून तें लहानपणींच अंगीं मुरलेलें असतें. तें इतकें सहज वाटतें कीं, एखाद्यास तें नसेल, किंवा असून त्याची तऱ्हा अगदींच निराळी असेल, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानींच येत नाहीं. ज्या मुलास शेजारीपाजारी 'हट्टी' किंवा 'वेडगळ' म्हणून मोकळे होतात, त्याची अडचण कित्येकदां नेमकी याच ठिकाणीं असते. रोजच्या वाटेवरून त्यास रेसभरही बाजूस होतां येत नाहीं. नाहीं तर तें एकटेंच निघून जातें आणि कोणास सांपडत नाहीं. दिशाज्ञानाचा इतिहास आणि अशा मुलांचा इतिहास हे दोन्ही एका ठिकाणीं ठेवून पाहिल्यास दोहोंवर कांहीं प्रकाश पडतो.

आपल्या पूर्वजांनीं दिशांस नांवें दिलीं तीं उगवत्या सूर्यासमोर उभें राहून. जी समोर ती पूर्व, जी पाठीमागें ती पश्चिम, आणि जी उजव्या हातास ती दक्षिण. संस्कृतांत 'दक्षिण' या शब्दाचा एक अर्थच 'उजवा' असा आहे. त्या हिशेबानें दख्खन म्हणजे मुळांत 'उजव्या हाताचा मुलूख' होय. शरीर आणि आकाश यांची गांठ भाषेनें फार प्राचीन काळीं मारून ठेविली ती अशी. बिलोली हा तर सीमेवरचा तालुका. मराठीबरोबर तेलुगु आणि उर्दू येथें बाजारांत चालतात, आणि देगलूरकडे कानडीही कानीं पडते. तेलुगूंत पश्चिमेस 'पडमर' म्हणतात, कानडींत 'पडुवण'. दोहोंच्या मुळाशीं सूर्य खालीं पडण्याची कल्पना आहे. उर्दूंतला 'मग्रिब' हा शब्दही अस्तमानाच्याच धातूपासून निघालेला. मराठी 'मावळत' तीच गोष्ट सांगते. चार भाषांचीं माणसें एका बाजारांत उभीं असतात आणि चौघांचीही पश्चिम सूर्यास्तावरूनच ठरलेली असते! बिलोलीची सरफराजखानाची दगडी मशीद तर सकाळ असो, दुपार असो, ढग असोत, गांवाला पश्चिम दाखवीत उभी आहे. कारण येथून मक्केची दिशा पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे कललेली येते.

निसर्गानेंही या भागास एक सोय करून दिली आहे. गोदावरी येथून उगवतीकडे वाहते. मांजरा नदी मात्र बीडच्या डोंगरांतून निघून पूर्वेकडे व आग्नेयेकडे जातां जातां पुढें तेलंगणांत एकदम वळते, आणि देगलूर-बिलोलीच्या कडेनें चक्क उत्तरेकडे वाहूं लागते. कुंडलवाडीच्या पलीकडे कंदकुर्तीपाशीं ती गोदावरीस मिळते. एक नदी पूर्व दाखविते, दुसरी उत्तर दाखविते. ज्या शेतकऱ्याच्या दोन्ही अंगांस अशा दोन नद्या आहेत त्यास होकायंत्राची गरज ती काय?

कागदोपत्रीं तर दिशांचें राज्य याहून पक्कें. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गांवाच्या चारी दिशांच्या सीमा एकामागून एक सांगितलेल्या असतात. यादवांच्या काळींही तोच प्रघात राहिला. निजामाच्या राज्यांत याच गोष्टीस उर्दू कागदांत 'हदूद-ए-अर्बा' म्हणत. आज खरेदीखतांत 'चतुःसीमा' म्हणून तीच चार ओळींची यादी येते. राज्यें गेलीं, भाषा बदलली, पण पूर्वेस अमक्याचें शेत आणि पश्चिमेस नाला हा क्रम कायम राहिला. या व्यवस्थेला एक काळी बाजूही आहे आणि ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. महाराष्ट्रांतील पुष्कळ गांवांत अस्पृश्य मानलेल्यांची वस्ती उगवतीच्या अंगास असे. वारा बहुधा मावळतीकडून वाहतो, तेव्हां त्यांच्या अंगावरून गेलेला वारा गांवांत येऊं नये, असा त्यामागचा हिशेब सांगतात. दिशेचें ज्ञान हें नेहमीं निष्पाप ज्ञान असतें असें नाहीं.

मराठी वाङ्मयांत दिशांचें सर्वांत बारीक काम केलें तें महानुभावांनीं. 'स्थानपोथी' हा त्यांचा जुना ग्रंथ. श्रीचक्रधरस्वामी जेथें जेथें बसले, राहिले, जेवले, त्या त्या स्थानाचा पत्ता त्यांत दिला आहे. गांवाच्या कोणत्या दिशेस कोणतें देऊळ, त्याचें दार कोणीकडे, चौकाच्या कोणत्या कोपऱ्यांत स्थान, हें सर्व इतक्या नेमकेपणानें नोंदलें आहे कीं, तो ग्रंथ म्हणजे शब्दांनीं काढलेला नकाशाच वाटतो. त्यांत चित्र एकही नाहीं, कोठें बाण नाहीं. वाचणाऱ्याच्या मनांत चारी दिशा आधींच पक्क्या बसलेल्या आहेत या विश्वासावर तो लिहिला गेला.

चित्रांचा नकाशा या भागांत आला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, आणि तोही मोठ्या थाटानें. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानें १८०२ सालीं मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचें काम आरंभिलें. दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेकडे जाणारी जी मुख्य रेषा, जिला 'महाचाप' म्हणतात, ती सुमारें ७८ व्या रेखांशाच्या आसपास ओढली गेली. १८१५ मध्यें बीदरच्या बाजूला पायारेषा मोजण्यांत आली. तेथील दामरगिद्दा हें ठिकाण १८ अंश ३ मिनिटें अक्षांशावर आहे. तेथून चाप उत्तरेकडे एलिचपुराजवळच्या टाकळखेड्यापर्यंत गेला. बिलोलीचा रेखांश ७७ अंश ४४ मिनिटांच्या आसपास येतो. म्हणजे पृथ्वीचा आकार मोजणारी ही जगप्रसिद्ध रेषा बिलोलीच्या अंगणावरून गेली असें म्हणण्यास फारशी हरकत नाहीं. सुमारें अर्धा टन वजनाचें कोनमापक यंत्र टेकड्यांवर चढवावयाचें, दूरच्या खुणेवर रोखावयाचें, आणि उत्तर नक्की कोणती हें रात्रीं ताऱ्यांवरून ठरवावयाचें, असा तो उद्योग होता. लॅम्बटन याच कामावर असतांना २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें वारला. त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यानें काम पुढें नेलें. शेतकरी जी उत्तर मनांत बाळगून होता तीच या लोकांनीं काचेंतून पाहून विकलेच्या अंशापर्यंत मोजली; दिशा तीच, पण ती मनांतून निघून कागदावर गेली.

कागदावर गेलेली दिशा हळूहळू मनांतून उणी होते. शहरांतील मनुष्य 'स्टेशनासमोरून उजवीकडे' असें म्हणूं लागला. असें स्थित्यंतर सर्व जगांत दिसतें. ऑस्ट्रेलियांतील गुगू यिमिथिर लोक ताटांतला चमचासुद्धां उत्तरेचा कीं दक्षिणेचा हें सांगतात, असें भाषाशास्त्रज्ञांनीं नोंदविलें आहे. तामीळनाडूंत खेड्यांतले लोक दिशांनीं व शहरांतले लोक उजव्या-डाव्यानें बोलतात, हेंही एरिक पेडरसन यानें दाखविलें. पियरे दासेन व रमेश मिश्र यांनीं काशीच्या मुलांवर प्रयोग केले, तेव्हां संस्कृत पाठशाळेंतील मुलें दिशांच्या आधारानें विचार करण्यांत हिंदी शाळांतील मुलांच्या पुढें असलेलीं आढळलीं. ज्याच्या नित्यकर्मांत दिशा आहे त्याच्या विचारांतही ती राहते.

या ज्ञानाचा आधार किती बेताचा आहे याचा अनुभव मात्र खेड्यांत सर्वांस असतो. त्याला 'चकवा' म्हणतात. अंधाऱ्या रात्रीं रानांतून येणारा शहाणासुरता मनुष्य पुन्हा पुन्हा त्याच बाभळीपाशीं येऊन पोंचतो आणि पहांट झाल्यावर पाहतो तों गांव हांकेच्या अंतरावर! भुतानें फिरविलें, असें लोक म्हणत. जर्मनींतील यान सौमान व त्याचे सहकारी यांनीं २००९ सालीं याची परीक्षा केली. त्यांनीं माणसांस जर्मनींतील एका सपाट अरण्यांत व ट्युनिशियाच्या वाळवंटांत सरळ चालावयास सांगितलें. सूर्य किंवा चंद्र दिसत असतां लोक बरेचसे सरळ गेले. ढग आले अथवा चंद्र मावळला कीं तींच माणसें वळूं लागलीं आणि नकळत वर्तुळें काढूं लागलीं. डोळे बांधल्यावर तर कित्येकदां वीस मीटरांहून लहान वर्तुळांत फिरलीं, आणि आपण सरळच चाललों आहों अशी त्यांची खात्री होती. बाभळीच्या भुताची एवढीच हकीकत.

मेंदूंत हें भान कोठें राहतें याचा शोध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लागला. १९४८ मध्यें टोलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें असें मांडलें कीं, उंदरासारखा प्राणीसुद्धां वळणांची नुसती माळ पाठ करीत नाहीं, तर मनांत एक नकाशा तयार करतो. १९७१ मध्यें जॉन ओकीफ यास उंदराच्या मेंदूंतील हिप्पोकॅम्पस या भागांत अशा पेशी आढळल्या कीं, प्राणी एका विशिष्ट जागीं आला म्हणजेच त्यांतील एखादी जागी होते. पुढें डोकें कोणत्या दिशेस वळलें आहे हें सांगणाऱ्या पेशी सांपडल्या. २००५ मध्यें नॉर्वेंतील मोझर दांपत्यानें जागेची जणूं चौकट आंखणाऱ्या पेशी शोधल्या. ओकीफ व मोझर पति-पत्नी यांस २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूंत याच भागाचा मागचा अंश मोठा असतो, हें २००० सालीं दिसून आलें होतें. थोडक्यांत, वाट जाणण्याच्या दोन रीती आहेत. एक नकाशाची, दुसरी माळेची. नकाशावाल्यास एक गल्ली बंद असली तर दुसरी सुचते. माळ पाठ केलेल्याचें तसें नाहीं. त्याचें पाढ्यासारखें होतें; मध्येंच कोणीं अडविलें तर 'सतरा एके'पासून पुन्हा आरंभ करावा लागतो.

आतां स्वमग्नतेकडे वळावें. 'ऑटिझम' हा शब्द स्वित्झर्लंडचा मनोवैद्य ब्लॉयलर यानें १९११ च्या सुमारास निराळ्याच व्याधीच्या एका लक्षणासाठीं वापरला होता. मुलांमधील या अवस्थेचें पहिलें स्पष्ट वर्णन मॉस्कोंतील ग्रून्या सुखारेवा या विदुषीनें १९२५ मध्यें केलें. तिच्याकडे पाश्चात्य जगानें दीर्घकाळ लक्ष दिलें नाहीं. १९४३ मध्यें बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यानें अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. माणसांशीं संबंध जोडण्यांतील अडचण आणि सर्व कांहीं जसेंच्या तसें राहावें ही अनावर ओढ, या दोन गोष्टी त्यानें मुख्य मानल्या. पुढच्याच वर्षीं व्हिएन्नांत हान्स आस्पर्गर याचा निबंध आला. नाझी अमलांत यानें कांहीं मुलांस ज्या संस्थेकडे पाठविलें तेथें मुलांना मारून टाकीत असत, हें पुढें दप्तरांतून उघड झालें. त्यामुळें त्याचें नांव आदरानें घेणें आतां कठीण झालें आहे.

मराठींत 'स्वमग्नता' हा शब्द रुळला आहे. शब्द गोड आहे, पण तो फसवितो. मूल आपल्याच आनंदांत दंग होऊन बसलें आहे असें त्यावरून वाटतें. वास्तविक कित्येकदां तें आपल्यांत मग्न नसून बाहेरच्या आवाजांनीं, उजेडानें आणि अनपेक्षित बदलांनीं गांजलेलें असतें.

अमेरिकन मनोवैद्यांच्या संघटनेनें २०१३ सालीं आपल्या निदान-ग्रंथाची पांचवी आवृत्ति काढली. तींत या अवस्थेच्या लक्षणांमध्यें एकसारखेपणाचा आग्रह सांगतांना रोज त्याच वाटेनें जाण्याची गरज हें उदाहरण दिलेलें आहे. ग्रंथांत तें चार-पांच शब्दांचें असतें; घरांत तें दिवसाचें रणकंदन होतें. समजा, एखादें मूल रोज पिठाच्या गिरणीवरून शाळेंत जातें. एके दिवशीं नळासाठीं तो रस्ता खणलेला असतो आणि वडील त्यास मागच्या आळीनें नेऊं पाहतात. मूल जमिनीवर अंग टाकतें, किंकाळ्या फोडतें, आपलाच हात चावतें. भोंवतीं माणसें जमतात. कोणी म्हणतो, लाडानें बिघडलें. कोणी म्हणतो, दोन द्याव्या म्हणजे सरळ येईल. वडील लाजेनें खरोखरच मारतात. पण त्या मुलाच्या दृष्टीनें मागची आळी ही शाळेची दुसरी वाट नाहींच. गिरणी आली नाहीं, मग तिच्या पुढचें पिंपळाचें झाड नाहीं, मग शाळाही नाहीं. पाढ्याचा दुवा तुटला आणि पुढचें सर्व जग नाहींसें झालें. त्या वेळच्या रडण्यांत हट्ट किती आणि भय किती हें ओळखण्यासाठीं मोठ्या विद्वत्तेची जरूर नाहीं, थोडें थांबण्याची आहे.

तर मग स्वमग्न मुलांस दिशांचें भान कमी असतें काय? प्रयोगांचीं उत्तरें परस्परांशीं सहज जुळत नाहींत, आणि म्हणूनच तीं पाहण्यासारखीं आहेत. कॅनडांतील कॅरन, मॉट्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ मध्यें माणूस आंत चालूं शकेल एवढा चक्रव्यूह उभारून परीक्षा घेतली. बुद्धीनें ठीक असलेले स्वमग्न लोक तेथें इतरांच्या मागें पडले नाहींत; नकाशा शिकण्याच्या व तो आठवून काढण्याच्या कामांत तर ते सरसच ठरले. उलट २०११ मध्यें इंग्लंडांत एलिझाबेथ पेलिकानो व सहकाऱ्यांनीं एका मोठ्या दालनाच्या जमिनीवर दिवे बसवून त्यांत लपविलेली खूण मुलांस चालत फिरून शोधावयास लाविलें. खूण एका बाजूस अधिक वेळां सांपडते हें इतर मुलांच्या लवकर ध्यानांत आलें. स्वमग्न मुलांचा शोध कमी पद्धतशीर झाला. २०१३ मध्यें लिंड व तिच्या सहकाऱ्यांनीं संगणकावरील काल्पनिक बेटावर प्रौढांची परीक्षा घेतली. समोर न दिसणारें ठिकाण आठवणीनें शोधण्यांत स्वमग्न प्रौढांस अडचण पडली.

यांत विरोध आहे असें मानण्याचें कारण नाहीं. तयार नकाशा हातीं दिला तर तो बारकाईनें वाचणें, लक्षांत ठेवणें, त्यांतील लहानशी चूकही पकडणें, हें यांतील कित्येकांस उत्तम साधतें. आगगाड्यांचीं वेळापत्रकें आणि बसचे थांबे ज्यांस ओळीनें पाठ असतात असे लोक त्यांत असतात. परंतु चालतां चालतां, गर्दींतून, आपला नकाशा आपणच बनवावयाचा, आणि जुना निरुपयोगी झाला कीं क्षणांत नवा करावयाचा, हें काम निराळें आहे. रोजचें जग तयार नकाशा हातीं देत नाहीं. अर्थात् सर्व स्वमग्न माणसें एका सांच्याचीं नसतात. ज्यास वाट कधींच चुकत नाहीं असेंही त्यांत असतें आणि आपल्या आळींत हरवणारेंही असतें.

याहून गंभीर गोष्ट निघून जाण्याची. अमेरिकेंत १,२१८ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांकडून मिळविलेली माहिती २०१२ मध्यें प्रसिद्ध झाली. चार वर्षें वयानंतर निदान एकदां तरी घरांतून किंवा सुरक्षित जागेंतून निघून जाण्याचा प्रयत्न केलेलीं मुलें त्यांत शेंकडा ४९ निघालीं. जीं काळजी वाटण्याइतका वेळ बेपत्ता झालीं त्यांपैकीं शेंकडा ६५ मुलें रहदारींत सांपडण्याच्या बेतांत होतीं, आणि शेंकडा २४ मुलें बुडण्याच्या. आईबापांनीं दिलेलीं कारणें मात्र विचार करावयास लावतात. हीं मुलें बहुधा भ्रमिष्टासारखीं भरकटत नव्हतीं. कोणास फिरून पाहावयाचें होतें, कोणास आपल्या आवडत्या जागीं जावयाचें होतें. लोकांच्या दृष्टीनें तें मूल हरवलें होतें, आणि त्याच्या दृष्टीनें तें कोठें तरी चाललें होतें. जेथें दोन नद्यांचा संगम आहे, शेतोशेतीं कठडा नसलेल्या विहिरी आहेत, आणि पाण्याची ओढ अशा मुलांस पुष्कळदां असते, तेथें हा भेद जिवाचा ठरतो. हरवलेल्या मुलास लोक बाजारांत आणि बसस्थानकावर शोधतात; चाललेल्या मुलास त्याच्या आवडीच्या जागीं, आणि सर्वांच्या आधीं पाण्यापाशीं, शोधावयास पाहिजे.

अशीं माणसें पूर्वीं नव्हतीं काय? असलींच पाहिजेत. युरोपांतील जुन्या साधूंच्या आख्यायिकांत उटा फ्रिथ या विदुषीनें त्यांच्या खुणा शोधल्या आहेत. मराठींत तेराव्या शतकाच्या अखेरचें गोविंदप्रभूंचें चरित्र आहे. रिद्धपूरचे हे महापुरुष महानुभाव पंथास परमेश्वरावतार म्हणून वंद्य. परक्यांस त्यांचें वागणें वेडेपणाचें वाटे, हें चरित्रकारानें लपविलेलें नाहीं. देवळांदेवळांतून त्यांचें फिरणें, मूर्तींशीं बोलणें, खेळणें, लोकांच्या घरीं अवचित शिरणें हें सर्व त्यांत मोठ्या मायेनें नोंदलें आहे. सातशें वर्षांपूर्वींच्या पूज्य पुरुषावर आजच्या वैद्यकाचें लेबल लावणें हा उद्धटपणा होईल आणि अशास्त्रीयही होईल. पाहावयाचें तें गांवाकडे. रिद्धपूरच्या लोकांनीं आपल्याहून निराळ्या तऱ्हेनें चालणाऱ्या-बोलणाऱ्या एका व्यक्तीस वाट दिली, तिच्या येण्याजाण्याकडे लक्ष ठेविलें, आणि त्यांतला क्षणन् क्षण लिहून ठेवण्याजोगा मानला. ज्या रिद्धपुरास आतां मराठी भाषेचें विद्यापीठ झालें आहे त्याचा हाही एक वारसा आहे.

विसाव्या शतकानें इतकें औदार्य दाखविलें नाहीं. आईच्या थंडपणामुळें मूल असें होतें, हें मत युद्धानंतर बोकाळलें. ब्रूनो बेटलहाइम याच्या १९६७ च्या ग्रंथानें त्यास लोकप्रियता दिली. बर्नार्ड रिमलंड या स्वमग्न मुलाच्या पित्यानें १९६४ मध्येंच त्याचें खंडन केलें होतें, तरी कित्येक मातांनीं तो आरोप जन्मभर वाहिला. मेंदूच्या घडणीचा आणि अनुवंशाचा हा विषय आहे हें आतां निर्विवाद झालें आहे. पण 'आईनेंच लक्ष दिलें नाहीं' हें वाक्य आजीच्या, आत्याच्या आणि शेजारणीच्या तोंडून अद्याप गेलेलें नाहीं.

महाराष्ट्रांत मंद बुद्धीच्या मुलांसाठीं मुंबईस १९४४ मध्यें जय वकील शाळा निघाली, पुण्यास १९६४ मध्यें कामायनी. स्वमग्नतेचा स्वतंत्र विचार त्यानंतर पुष्कळ उशिरां आला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत तिचें नांवच नव्हतें. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें तें घेतलें, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें एकवीस प्रकारांत तिचा समावेश करून प्रमाणपत्राचा मार्ग मोकळा केला. तोंवर एका पिढीचीं मुलें 'मतिमंद' या एकाच खान्यांत टाकलीं गेलीं, आणि जीं बुद्धीनें तल्लख होतीं तीं कोणत्याच खान्यांत बसलीं नाहींत.

बिलोलीच्या कुटुंबास येथेंही सीमेचा संबंध येतो. १९४८ पर्यंत हा तालुका हैदराबाद संस्थानांत होता; १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. राजधानी मावळतीस मुंबईला गेली, परंतु आगगाडीची वाट पूर्वींचीच राहिली. जुन्या बिलोली तालुक्यांतील धर्माबादहून गाडी बासर, निजामाबाद करीत सिकंदराबादेस जाते, आणि बौद्धिक अपंगत्वाच्या कामासाठीं १९८४ मध्यें स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था सिकंदराबादेसच आहे. स्वमग्नता मोजण्याची भारतीय मापनपट्टी २००९ मध्यें याच संस्थेनें पुढें आणली. मुंबईपेक्षां तें ठिकाण पुष्कळ जवळ. तथापि, जें मूल मागच्या आळीनें शाळेंत जाण्यास तयार नाहीं त्यास प्रथमच आगगाडींत बसवून परक्या शहरांत नेणें म्हणजे काय, हें त्याच्या आईसच ठाऊक असतें.

जाणते शिक्षक यासाठीं बदल आधींच दाखवून ठेवतात. वाटेवरच्या ठिकाणांचीं छायाचित्रें ओळीनें चिकटवून घरींच वाट 'वाचून' घेतात. नेहमीच्या रस्त्यांत आज एकच झाड अधिक, पुढच्या आठवड्यांत एक वळण अधिक, असें करीत नवी वाट जोडतात. रस्ता खणला असेल तर मुलाला आदल्या दिवशीं नेऊन खड्डा दाखवितात. सदऱ्याच्या आंतल्या बाजूस दूरध्वनीचा क्रमांक शिवलेला असतो. आणि दुकानदार, रिक्षावाले, नदीकडच्या वाटेवर राहणारीं घरें यांस मुलाची ओळख करून दिलेली असते.

जुन्या बिलोलीकराच्या बोलण्यांतली एक गोष्टही येथें करून पाहण्यासारखी आहे. जातांना उजव्या हातास असलेलें दुकान येतांना डाव्या हातास येतें. ज्या मुलास जग जसेंच्या तसें राहावयास हवें असतें, त्याला ही अदलाबदल चमत्कारिक वाटली तर नवल नाहीं. गिरणीच्या उगवतीचें दुकान मात्र जातांना उगवतीसच असतें, आणि येतांनाही तेथेंच असतें.